आंधळ्या गुरूची तालीम

जाझ हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हॉटेलातील नाच आणि कर्ण्यांचा कल्लोळ उभा राहतो. परंतु त्या संगीताचा प्राण निराळाच आहे. एखाद्या लोकप्रिय गीताची चाल वादक आरंभी वाजवितो. मग ती सोडून देतो, पण तिच्याखालील स्वरसंगतींचा सांगाडा, बहुधा चार-चार मात्रांच्या ३२ खंडांचा, कायम ठेवून त्यावर ऐन वेळी नवी चाल रचीत जातो. आपल्या गवयासही बंदिशीचा असाच विस्तार करावा लागतो. मात्र त्याच्या पायाखाली राग स्थिर असतो. जाझवाल्याच्या पायाखालची स्वरसंगती दर एक-दोन खंडांस पालटते. ही विद्या शिकविता येते काय? आणि शिकविली, तर शिष्याचे स्वतःचे असे काही उरते काय?

लेनी ट्रिस्टानो हा पियानोवादक १९१९ साली शिकागो येथे जन्मला. बालपणीच त्याची दृष्टी पूर्णपणे गेली. १९४६ साली तो न्यूयॉर्कला आला, आणि वादनाइतकाच अध्यापक म्हणूनही प्रसिद्धीस पावला. त्याची रीत ऐकून कोणासही नवल वाटावे. शिष्याने लुई आर्मस्ट्राँग, लेस्टर यंग किंवा चार्ली पार्कर यांची ध्वनिमुद्रिका घ्यावयाची आणि तीतील वादन प्रथम गळ्याने गावयाचे! बारीकसारीक हेलकावे व विसावे यांसह ते बिनचूक गाता येईपर्यंत वाद्यावर उतरवावयाचे नाही. बोटांस सवयीच्या वाटा असतात. गळ्यास मात्र कानाने ऐकल्याखेरीज गत्यंतर नाही.

आता कोणी म्हणेल, ही तर निव्वळ नक्कल झाली. उत्तरादाखल त्याचा शिष्य ली कोनित्झ पाहावा. त्या काळी आल्टो सॅक्सोफोन हाती धरणारा जवळजवळ प्रत्येक तरुण पार्करची छबी होऊ पाहत होता, इतकी त्या पुरुषाची मोहिनी जबर होती. कोनित्झला पार्करचे वादन पाठ होते. तरीही त्याचा स्वर हलका, कंपरहित आणि वाक्ये लांबलचक, अशी सर्वस्वी वेगळीच राहिली. जे नीट कळले त्याच्या आहारी जाण्याचे भय कमी असते, असे मला वाटते. १९४९ साली तर गुरुशिष्यांनी चाल, स्वरसंगती व लय यांपैकी काहीही आधी न ठरविता 'इंट्यूशन' ही ध्वनिमुद्रिका केली.

तथापि या तालमीची दुसरी बाजूही झाकून ठेवणे योग्य नव्हे. ट्रिस्टानोचा अधिकार मोठा होता, आणि त्याच्या मंडळीस एखाद्या पंथाचे रूप आले होते. स्वतःचा सूर शोधावयास शिकविणाऱ्या गुरूच्या छायेत शिष्यांचा सूर दबू लागावा, हा संकटाचा प्रकार आपल्या घराण्यांसही अपरिचित नाही. कोनित्झ १९५२ साली स्टॅन केंटनच्या मोठ्या वाद्यवृंदात गेला. ते त्यास हितावह झाले असावे.

पुढे तो स्वतः शिकवू लागला तेव्हा त्याने दहा पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर मूळ चाल, तशीच. मग एखादा स्वर अलंकृत करावयाचा, मग आणखी एखादा, घाई नाही. जेरोम कर्नचे १९३९ चे 'ऑल द थिंग्ज यू आर' हे गीत तो स्वतः अनेक दशके असेच वाजवीत राहिला. एप्रिल २०२० मध्ये, ९२ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे तो निवर्तला.