वाघाच्या आजारपणाचा खर्च

भिलाईच्या मैत्रीबागेत लोक आधी विचारतात ते पांढऱ्या वाघांबद्दल. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून 1972 मध्ये उभी राहिलेली ही बाग भिलाईचा पोलाद कारखाना चालवतो, त्यामुळे वाघाचं जेवण आणि औषधपाणी कारखान्याच्या खर्चातच बसतं. हावडा-मुंबई मार्गावर तिथून पुढे नागपूर लागतं. तिथल्या गोरेवाडा बचाव केंद्रात जखमी किंवा माणसांवर हल्ले केलेले वाघ-बिबटे येतात. अशा जनावरांच्या मागे कारखाना नसतो. असतो तो सरकारी निधी, आणि जमलंच तर एखादा दत्तक पालक.

दत्तक योजनेच्या पैशांचं काय होतं? बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात काही वर्षांपूर्वी वाघाचं वार्षिक पालकत्व 3 लाख 10 हजार रुपयांना होतं. मोठा वाघ दिवसाला 8 ते 10 किलो मांस खातो आणि आठवड्यातून एकदा त्याला उपाशी ठेवतात, म्हणजे वर्षाला अडीच-तीन टन मांस. किलोमागे शंभर-सव्वाशे रुपये धरले तरी पालकाचे पैसे खाण्यातच संपतात. वाघ आजारी पडला की पुढचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि आजारपण महाग असतं. वाघाची साधी रक्ततपासणीसुद्धा बऱ्याचदा भूल दिल्याशिवाय होत नाही. केटामिन आणि झायलाझिनचं मिश्रण डार्टने मारायचं, शरीराचं तापमान आणि श्वास यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, काम झालं की झायलाझिनचा असर उतरवणारं औषध द्यायचं. त्यात म्हाताऱ्या वाघांना मूत्रपिंडाचे विकार फार. मांजरकुळात मूत्रपिंडाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढत नाही. वाघ मलूल दिसायला लागतो तेव्हा उशीरच झालेला असतो.

साहेबराव नावाच्या वाघाची गोष्ट विदर्भात अनेकांना ठाऊक आहे. 2012 मध्ये ताडोबा परिसरात शिकाऱ्यांच्या सापळ्यात अडकून त्याचा पुढचा पंजा गेला. नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी त्याला दत्तक घेतलं आणि जानेवारी 2020 मध्ये त्याला कृत्रिम पाय बसवण्याचा प्रयत्न झाला. बातम्या देशभर झळकल्या. शुद्धीवर येताच साहेबरावाने तो पाय झटकून टाकला.

त्याआधी 2018 मध्ये झालेली शस्त्रक्रिया मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. मज्जातंतू तुटला की त्याचे धागे हरवलेलं टोक शोधत वाढतात आणि टोक सापडलं नाही की त्यांची गाठ होते. तिला न्यूरोमा म्हणतात. तिच्यावर दाब आला की विजेचा झटका बसल्यासारखी कळ उठते. वाघाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो, तेव्हा प्रत्येक पावलाला काय होत असेल! त्या शस्त्रक्रियेचा रोख या दुखण्यावर होता. माझ्या मते साहेबरावाच्या उपचारांतलं मोलाचं काम हेच. पाय दिसतो म्हणून त्याचं कौतुक झालं, कळ दिसत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने कारण सांगितलं: एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लू. संसर्ग झालेल्या पक्ष्याचं कच्चं मांस खाऊन हा विषाणू मोठ्या मांजरांत शिरतो, हे थायलंडमधल्या वाघांच्या साथीपासून, 2004 पासून माहीत आहे. मांसाची तपासणी, नवीन जनावराला वेगळं ठेवण्याची सोय, नमुने वेळेत पोचवण्याची व्यवस्था, या गोष्टींना देणगीदार सहसा मिळत नाही. त्यांच्यावर पाटी लावून फोटो काढता येत नाही ना.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं: वाघ दत्तक घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या, पण धनादेश लिहिताना त्यातली काही रक्कम औषधोपचार आणि तपासण्यांसाठी राखून ठेवायला सांगा, आणि वर्षअखेरीस तिचा हिशेबही मागा.