समजून घ्या : पॉवर टिलर न्यायला छोटा टेम्पो घ्यायचाय? आधी टेप काढा, मग शोरूम गाठा

डिजिटल डेस्क

"दादा, टिलर तर घेतला. आता न्यायचा कशात?" मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साखऱ्याहून मामेभावाचा फोन आला. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले हे गाव हळद आणि सोयाबीनच्या पट्ट्यात येते. पाऊस पडण्याआधी रान तयार करायची सगळ्यांचीच घाई असते. त्याने १३ अश्वशक्तीचा पॉवर टिलर घेतला, घरचे रान झाले आणि शेजारच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. टिलर डांबरी रस्त्याने चालवत न्यायचा तर निम्मा दिवस वाटेतच जातो, वर वाहतुकीत जिवाचा धोका. म्हणून छोटा टेम्पो घ्यायचा विचार. 'छोटा हत्ती' त्याच्या मनात पक्काही झाला होता. कारण विचारले तर म्हणाला, "आपल्याकडं सगळे तोच घेतात."

असा प्रश्न पडलेले तरुण आज गावोगावी आहेत. कुणाला टिलर न्यायचा असतो, कुणाला पॉवर वीडर, तर कृषी पर्यटन केंद्रवाल्यांना एटीव्ही म्हणजे चारचाकी बाइक. यंत्र वेगळे असले तरी हिशेब एकच आहे. तो टप्प्याटप्प्याने पाहू.

सगळ्यात आधी काय मोजायचे?

गाडी नव्हे, यंत्र. टेप घ्या आणि चार आकडे लिहून काढा : हँडलसह पूर्ण लांबी, चाकांच्या बाहेरून बाहेरची रुंदी, उंची आणि वजन. वजन पुस्तिकेत असते. मात्र रोटरी, लोखंडी चाके, जादा वजने असे जे काही जोडलेले असेल ते त्यात धरले आहे का, हे पाहा.

१२-१३ अश्वशक्तीच्या पॉवर टिलरचे वजन साधारण ४०० ते ५०० किलो भरते. हँडल धरून लांबी अडीच मीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडी जास्त असते. टाटा एस गोल्ड पेट्रोलचा हौदा सुमारे २.२० मीटर लांब आणि १.४९ मीटर रुंद आहे. मारुती सुपर कॅरीचा हौदा २.१८ मीटर लांब आणि १.४९ मीटर रुंद. म्हणजे वजन सहज पेलते, अडते ते लांबीपाशी. फाळका उघडा ठेवून हँडल बाहेर काढायचा मोह इथेच होतो.

तो टाळा. गाडीच्या मागे, पुढे किंवा बाजूला माल मर्यादेबाहेर काढल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) नुसार २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षा मोठी भीती अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची. म्हणून यंत्र थोडे तिरके लावून किंवा हँडल वळवून फाळका बंद होतो का, हे गाडी घेण्याआधी प्रत्यक्ष यंत्र चढवून पाहा. ओळखीतल्या कुणाचा टेम्पो अर्धा तास मागितला तरी हे काम होते.

वजनाची मर्यादा कुठे कळते?

जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा आरसीवर विश्वास ठेवा. त्यावर गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन, असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे माल आणि माणसे मिळून गाडी कायद्याने किती वाहू शकते तो आकडा.

मामेभावाचा हिशेब असा झाला :

- टिलर, रोटरीसह : ४५० किलो
- चालक आणि एक मदतनीस : १४० किलो
- लोखंडी रॅम्पची जोडी : ४० किलो
- डिझेलचा कॅन, हत्यारे, पट्टे : ३० किलो
- एकूण : ६६० किलो

टाटा एस गोल्ड पेट्रोलची क्षमता ७५० किलो आणि सुपर कॅरी पेट्रोलची ७४० किलो. दोन्हींत हा भार बसतो. पण सुपर कॅरीची सीएनजी आवृत्ती घेतली तर क्षमता ६२५ किलोवर येते, कारण गॅसच्या टाकीचे वजन मालाच्या वाट्यातून जाते. इंधन स्वस्त पडते म्हणून सीएनजी घेतली आणि रोज ३५ किलो ओव्हरलोड, असा प्रकार होतो. शिवाय आपल्या रोजच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का, हेही आधी बघायला हवे.

मग पर्याय कोणते?

टाटा एस : मे २००५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी 'छोटा हत्ती' या नावानेच गावागावांत पोहोचली. तिचे काम येणारे मेकॅनिक तालुक्याला सापडतात, हा मोठा फायदा. जून २०२५ मध्ये आलेली एस प्रो ३.९९ लाख रुपयांच्या सुरुवातीच्या किमतीत जाहीर झाली. तिची क्षमताही ७५० किलो, पण हौदा साडेसहा फूट, म्हणजे १.९८ मीटर. किंमत कमी झाली तशी लांबीही कमी झाली. टिलरवाल्याला नेमकी तीच हवी असते.

मारुती सुपर कॅरी : १.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. भार घेऊन चढ चढताना याचा उपयोग होतो.

महिंद्रा जीतो : ही लहान-मोठ्या हौद्यांत मिळते. जाहिरात पाहून ठरवू नका, जी आवृत्ती घेणार तिचाच हौदा मोजा.

अशोक लेलँड दोस्त किंवा बोलेरो पिकअप : हा एक टनाच्या वरचा वर्ग. टिलरसोबत दुसरे अवजार, मळणी यंत्र किंवा हळदीची पोती रोज न्यायची असतील तरच याचा विचार करा. गाडी महाग, हप्ता मोठा आणि रिकामी धावली तरी इंधन जास्त.

मिनी ट्रॅक्टर या यादीत बसत नाही. १५ अश्वशक्तीच्या महिंद्रा युवराज २१५ चेच वजन ७८० किलो आहे. तो छोट्या टेम्पोत चढवणे म्हणजे सरळसरळ ओव्हरलोड.

बंद व्हॅन का नको?

पावसात यंत्र भिजणार नाही म्हणून ईकोसारखी बंद व्हॅन अनेकांना आवडते. लहान पॉवर वीडरसाठी ती चालेलही. टिलरसाठी नाही. ईकोची बाहेरून बाहेरची रुंदीच १.४७५ मीटर आहे. आतून पत्रा आणि चाकांवरचे उंचवटे वजा केले की उरते ती जागा आणखी कमी. यंत्र आत ढकलायला बाजूने माणूस उभा राहू शकत नाही. बंद जागेत डिझेल-पेट्रोलचा वास कोंडतो, हा धोका वेगळा. उघडा हौदा आणि वर ताडपत्री हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे.

एटीव्ही न्यायची असेल तर?

समुद्रकिनाऱ्यांवर आणि रिसॉर्टमध्ये दिसणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी झालेली नसते. त्या एका जागेहून दुसरीकडे न्यायच्या तर टेम्पो लागतोच. इथे वजनाची अडचण नाही, पण सेंटिमीटरची आहे. पोलारिस स्पोर्ट्समन ५७० सारखी मोठी एटीव्ही सुमारे २.११ मीटर लांब आणि १.२२ मीटर रुंद असते, वजन ३०० किलोच्या वर. २.२० मीटरच्या हौद्यात ती जेमतेम बसते, १.९८ मीटरच्या हौद्यात बसतच नाही. जागेवर असताना बसली तरी पट्टे बांधायला चारही कोपऱ्यांत हात जातो का, ते पाहा.

चढवताना अपघात का होतात?

हौदा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे असे धरू. २.१ मीटरचा रॅम्प लावला तर ४५० किलोचे यंत्र उतारावरून सुमारे १५० किलोच्या जोराने खाली ओढले जाते. रॅम्प २.८ मीटरचा केला तर हाच जोर ११२ किलोवर येतो. म्हणजे रॅम्प जितका लांब तितकी ओढ कमी. शेतात याहून सोपी युक्ती आहे : टेम्पो बांधाला मागून लावा. बांधामुळे उंची निम्मी झाली तर त्याच रॅम्पवर ओढही निम्मी होते.

लाकडी फळ्या नकोत. ओल्या चिखलात त्या सरकतात. हौद्याला अडकणारे हुक असलेला लोखंडी रॅम्प गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घ्या.

टिलरवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. उतारावर खाली येताना वळणाचा क्लच उलटा वागतो. सपाटीवर डावा क्लच दाबला की यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र डावे चाक मोकळे होऊन जास्त वेगाने घरंगळते, उजव्या चाकाला इंजिन रोखून धरते आणि यंत्र उजवीकडे झुकते. घाबरून क्लच आणखी दाबला तर ते रॅम्पवरून खाली. म्हणून :

- रॅम्पवर वळणाच्या क्लचला हात लावू नका. दिशा खाली जमिनीवरच सरळ करून घ्या.
- सगळ्यात हळू गिअर टाका, रोटरी बंद ठेवा.
- चढवण्या-उतरवण्याची दिशा पुस्तिकेत दिलेलीच पाळा.
- रॅम्पच्या खाली आणि बाजूला कुणी उभे राहू नये, मुले तर नाहीच.

बांधायचे कसे?

यंत्राचा जड भाग मागच्या चाकांच्या आसाच्या थोडा पुढे यायला हवा. तो आसाच्या मागे गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. दोऱ्यांपेक्षा घट्ट होणारे रॅचेट पट्टे घ्या आणि चार कोपऱ्यांना चार बांधा. पट्टा चासीला लावायचा, हँडलला नाही. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पाच किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण धक्क्यांनी ते सैल होतात.

आणि मजुरांना मागे यंत्रासोबत बसवू नका. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेल्या माणसाला अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग ते ओझे थेट मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येते.

कागदपत्रे काय लागतात?

- हिंगोलीत गाडीला एमएच-३८ ची पिवळी पाटी लागेल.
- एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही.
- फिटनेस लागतो. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.
- हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.
- गाडीचा विमा म्हणजे आतल्या यंत्राचा विमा नव्हे. तो वेगळा विचारा.

परवडते का?

खरा प्रश्न हाच आहे. समजा ५ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता महिन्याला सुमारे १०,६०० रुपये, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या वर. टिलर वर्षात ७० दिवस बाहेरगावी जात असेल, तर नुसत्या हप्त्याचाच बोजा दर दिवशी १,८०० रुपयांवर पडतो. डिझेल-पेट्रोल, विमा, टायर आणि दुरुस्ती वेगळी.

म्हणजे एकट्या टिलरसाठी टेम्पो घेणे परवडत नाही. टिलर फक्त एवढे ठरवतो की गाडी किमान केवढी हवी. ती घ्यायची की नाही, हे उरलेले २९५ दिवस ठरवतात. त्या दिवसांत हळदीची पोती हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायची आहेत का, भाजीपाला, खत, पशुखाद्य यांची भाडी मिळणार आहेत का, ते आधी कागदावर मांडा.

मामेभावाने शोरूमला जायचे लांबवले. त्याने एक वही घातली : तारीख, गाव, किलोमीटर, भाडे. सहा आठवड्यांत टिलर २३ वेळा बाहेर गेला. दर वेळी भाड्याच्या टेम्पोला येऊन-जाऊन साधारण ७०० रुपये पडले. एकूण १६,१००. तेवढ्याच काळात स्वतःच्या टेम्पोचे दोन हप्ते २१,००० च्या वर गेले असते, आणि हा तर हंगामाचा सगळ्यात गर्दीचा काळ होता.

आता त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर तो गावातून बाहेर जाणारा माल लिहितोय : कुणाची किती पोती, कोणत्या बाजारात, किती भाड्याने. सोयाबीन निघेपर्यंत ते पान भरले तर टेम्पो येईल. नाही भरले तर रॅम्प आणि चार पट्टे तेवढे स्वतःचे, टेम्पो भाड्याचा. परवा फोनवर म्हणाला, "रॅम्प मात्र करून घेतला दादा. नऊ फुटाचा."