डिटेक्शन : कौलं उतरवण्याची गोष्ट

'डिटेक्शन'ला मराठीत काय म्हणायचं? पोलिसांच्या बातम्या वाचणारा 'तपास' म्हणेल, डॉक्टर 'निदान' म्हणतील, विज्ञानाचे सर 'शोध' म्हणतील. तिघंही थोडे बरोबर आहेत. पण तपास वर्षानुवर्षं नुसता चालूच राहू शकतो. डिटेक्शन म्हणजे तो जिथं पोचतो ती जागा. 'सुगावा लागणे' ही सुरुवात झाली आणि 'छडा लावणे' हा शेवट. इंग्रजी शब्द मात्र दोन्हीकडे बसतो. रडारला विमान डिटेक्ट होतं तो सुगावा, खुनाची केस डिटेक्ट होते तो छडा. आमच्या बेळगावात कन्नड मित्र रहस्यकथेला 'पत्तेदारी कादंबरी' म्हणतात. ते ऐकलं की आपलं 'पत्ता लागला' आठवतं, आणि हा शब्द मला या सगळ्यांत जास्त आवडतो.

शब्दाचं मूळ लॅटिन. 'तेगेरे' म्हणजे झाकणं; आधी 'दे' लावलं की झाकण काढणं. याच घराण्यात 'तेक्तुम' म्हणजे छप्पर आणि 'तेगुला' म्हणजे कौल. इंग्रजी 'टाइल' त्या कौलापासूनच आली. 'प्रोटेक्ट' हाही भाऊबंदच. म्हणजे शब्दशः बघितलं तर डिटेक्शन म्हणजे घरावरची कौलं उतरवणं! पावसाळ्याआधी घर शाकारताना माळ्यावर काय काय निघतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला ही व्युत्पत्ती वेगळी शिकवावी लागणार नाही.

शुभवर्तमानातला पक्षाघाती माणूस आठवा. गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, म्हणून त्याला आणणारे लोक छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. लूकच्या लॅटिन पाठात तिथं 'तेगुला' हाच शब्द येतो. फक्त इथं छप्पर काढल्यावर आत चोर नाही, येशू सापडतो.

झाकण काढण्याची हीच कल्पना 'डिस्कव्हर'मध्ये आहे आणि 'रिव्हील'मध्येही. तिथं छपराऐवजी पडदा आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं ग्रीक नाव 'अपोकालिप्सिस', त्याचाही अर्थ आवरण दूर करणं. मराठीत आपण त्या पुस्तकाला 'प्रकटीकरण' म्हणतो. आता महाराष्ट्रातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा : 'गुन्हे प्रकटीकरण पथकाने दुचाकी चोरट्यास अटक केली.' पोलिस ज्याला बोलताना 'डीबी' म्हणतात, त्या डिटेक्शन ब्रँचचं हे मराठी. योहानाचा दृष्टान्त आणि दुचाकीचोर एकाच शब्दाखाली! हसू येतं, पण भाषांतर करणाऱ्यानं मूळ अर्थ अचूक पकडलाय.

गंमत म्हणजे रहस्यकथाकारांनी या दोन अर्थांत मुद्दाम भिंत घातली होती. 1930 मध्ये लंडनला 'डिटेक्शन क्लब' निघाला. त्याचा पहिला अध्यक्ष जी. के. चेस्टरटन, फादर ब्राउनचा जनक आणि स्वतः कॅथलिक. सभासद होताना शपथ घ्यावी लागे, की आपला डिटेक्टिव्ह गुन्हा डोक्यानं सोडवेल, दैवी साक्षात्कारानं नाही. सदस्यांत रोनाल्ड नॉक्स हे चक्क कॅथलिक धर्मगुरू होते. साक्षात्कार मानणाऱ्या माणसांनी तो गोष्टीत मात्र बाद ठरवला, कारण वाचकाला दाखवलेल्या खुणांवरूनच उत्तर निघालं पाहिजे.

त्याआधीचा अर्थ मात्र इतका सभ्य नव्हता. 1571 मध्ये जॉर्ज बुकॅनननं स्कॉटलंडच्या मेरी राणीविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकाच्या इंग्रजी नावातच 'डिटेक्शन' आहे. त्यात त्यानं कसलाही छडा लावलेला नाही. नवऱ्याच्या खुनाचा आरोप राणीवर चव्हाट्यावर ठेवलाय. तेव्हा डिटेक्ट करणं म्हणजे एखाद्याला लोकांपुढे उघडं पाडणं. आरोप खरा की खोटा हा प्रश्न वेगळा, आणि मेरीच्या बाबतीत इतिहासकार त्यावर अजून भांडतात. पुढे 1842 मध्ये लंडन पोलिसांनी डिटेक्टिव्ह शाखा काढली, मग डिकन्स आला, विल्की कॉलिन्स आला, आणि शब्दाला पुराव्याचं वजन मिळालं. आज 'डिटेक्ट झालं' म्हटलं की ते तिथं होतंच, असं आपण धरून चालतो.

आपल्या पिढीची अडचण इथंच आहे. असाइनमेंट दिली की 'एआय डिटेक्शन'चा टक्का येतो. हे सॉफ्टवेअर कौल उचलून आत बघत नाही. वाक्यं किती ठरावीक वळणाची आहेत यावरून ते अंदाज बांधतं. ज्यांची इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा, त्यांची वाक्यं साधी आणि ठरावीक असणारच. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे 91 टोफेल निबंध अशा सात डिटेक्टरांतून काढले. माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे ठरले. त्याच वर्षी ओपनएआयनं आपलं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून बंद केलं.

म्हणजे अर्थ 1571चा आणि रुबाब शेरलॉक होम्सचा. घरी मराठी किंवा कोंकणी, शाळेत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी अशा आमच्यासारख्यांना हा फरक महागात पडू शकतो, कारण शिक्षकांच्या हातात 'संशय' येत नाही, 'डिटेक्शन' येतं. त्या अहवालाचं मराठी मला करायला सांगितलं तर मी तिथं प्रकटीकरण लिहिणार नाही, निदानही नाही. सरळ 'संशय' लिहीन, आणि खाली कंसात : तपास बाकी.