बिनतारी ड्रिल : कारागिराची निवड

बागलाण तालुक्यांत मोसम नदीच्या कांठीं वसलेलें नामपूर हें कांद्याच्या बाजारपेठेचें गांव. उन्हाळ कांदा शेतांतून निघूं लागला, कीं कांदाचाळींच्या उभारणीची व दुरुस्तीची घाई सुरू होते. जमिनीपासून उंच उचललेला तळ, हवा खेळती ठेवणाऱ्या फटींच्या भिंती आणि वर छप्पर, अशी ही चाळ मळ्यांत उभी राहते. तेथें विजेची तार जवळ असतेच असें नाहीं. असली तरी हव्या त्या वेळीं वीज मिळतेच असेंहि नाहीं. वळवाच्या पावसापूर्वीं छप्पर बसलें नाहीं, तर नुकसान शेतकऱ्याचें होतें व बोल कारागिराला लागतो. म्हणून बिनतारी ड्रिल कोणतें घ्यावें हा त्याच्या दृष्टीनें हौसेचा नव्हे, रोजीचा प्रश्न आहे.

गिरमिट व सामता हीं आपल्याकडील सुतारांचीं भोंकें पाडण्याचीं जुनीं हत्यारें. विजेवर चालणाऱ्या ड्रिलचें पहिलें पेटंट 1889 सालीं मेलबर्न येथें आर्नॉट व ब्रेन यांनीं घेतलें. तारेचें बंधन तुटलें तें 1961 सालीं, ‘ब्लॅक अँड डेकर’ या अमेरिकन कंपनीनें बॅटरीवरील ड्रिल काढलें तेव्हां. त्यांतील निकेल-कॅडमियमची बॅटरी जड असे. 1991 सालीं बाजारांत आलेल्या लिथियम-आयन बॅटरीनें पुढें हें हत्यार हलकें व खऱ्या अर्थानें धंद्याच्या उपयोगाचें झालें.

निवड करतांना प्रथम बॅटरी पाहावी. व्होल्ट हा पाण्याचा दाब मानला, तर अँपिअर-तास हा टाकींतील सांठा होय. दोहोंच्या गुणाकारानें एकंदर शक्ति कळते. 12 व्होल्ट व 2 अँपिअर-तासांच्या बॅटरींत 24 वॅट-तास मावतात. 18 व्होल्ट व 4 अँपिअर-तासांच्या बॅटरींत 72, म्हणजे तिप्पट. कपाटें व बिजागऱ्या बसविणाऱ्यास पहिली पुरते. लोखंडी अँगलला दिवसभर भोंकें पाडणाऱ्यास दुसरीच हवी. येथें एका फसगतीपासून सावध राहावें. कांहीं ड्रिलांवर 18, तर कांहींवर 20 व्होल्ट असा आंकडा असतो. पुष्कळदां दोहोंतहि 3.6 व्होल्टचे पांच सेल एकापुढें एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर ते प्रत्येकीं सुमारें 4 व्होल्ट दाखवितात, एवढाच काय तो भेद. दोन व्होल्टांसाठीं अधिक दाम मोजण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट वेगाची. लोखंडाला घाई मानवत नाहीं. हायस्पीड पोलादाच्या बिटाची धार साध्या पोलादांत मिनिटास सुमारें 25 मीटर फिरावी, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबानें 10 मिलिमीटरच्या बिटाला मिनिटास 800 च्या आसपास फेरे पुरतात. 5 मिलिमीटरच्या बिटाला दुप्पट लागतात. वेग जास्त झाला, कीं बिट तापून निळें पडतें व धार जाते. म्हणून दोन गिअरांचें आणि 13 मिलिमीटरच्या चकचें ड्रिल धंद्यास योग्य.

तिसरी गोष्ट पिळाच्या जोराची, म्हणजे टॉर्कची. हा जोर न्यूटन-मीटरमध्यें सांगतात. मोठा आंकडा आकर्षक असला, तरी त्यांत धोकाहि असतो. बिट अकस्मात् अडकलें, कीं तोच जोर उलटून मनगटावर येतो. टॉर्क 60 न्यूटन-मीटर असून मूठ अक्षापासून 20 सेंटिमीटरवर धरलेली असेल, तर हाताला सुमारें 30 किलो वजनाइतका हिसका बसतो. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचा तोल जाण्यास एवढें पुरेसें आहे. यास्तव जोरदार ड्रिलास बाजूची मूठ असलीच पाहिजे, व ती लावल्यावांचून काम करूं नये.

विटेच्या भिंतींत गिट्टी बसविण्यास हातोड्याची सोय असलेलें ड्रिल चालतें. परंतु काँक्रीट किंवा काळा दगड यांसाठीं रोटरी हॅमर हें निराळें यंत्रच घ्यावें. एकाच हत्याराकडून सर्व कामें करून घेण्याचा लोभ अखेर महाग पडतो. कार्बन ब्रश नसलेली मोटर किंमतीनें चढी असते. पण तींत घर्षण कमी, बदलण्याची कटकट नाहीं, आणि तीच बॅटरी अधिक वेळ पुरते. रोज हत्यार चालविणाऱ्यानें हा खर्च टाळूं नये.

उष्णता ही लिथियम बॅटरीची वैरीण. बागलाणच्या उन्हांत तापलेली बॅटरी सावलींत निवल्यावरच चार्जरला लावावी. एक कामावर व एक चार्जरवर, अशा दोन बॅटऱ्या असाव्यात. पुढें घ्यावयाचीं कटर-ग्राइंडरसारखीं यंत्रें त्याच बॅटरीवर चालतील काय, आणि दुरुस्ती मालेगांवीं वा नाशकांत होईल कीं यंत्र दूर पाठवावें लागेल, हें दाम देण्यापूर्वींच विचारावें. ऐन हंगामांत आठ दिवस बंद पडलेलें यंत्र कितीहि स्वस्त मिळालें असलें, तरी महागच ठरतें.