विभागीय पदोन्नती मुलाखत (भारतीय रेल्वे)

विभागीय पदोन्नती मुलाखत ही भारतीय रेल्वेत आधीपासून सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याची वरच्या पदासाठी निवड करताना घेतली जाणारी तोंडी परीक्षा होय. नव्या भरतीतील उमेदवार निवड मंडळाला अपरिचित असतो. पदोन्नतीच्या मुलाखतीत मात्र उमेदवाराचा सेवा अभिलेख, वार्षिक अहवाल आणि पूर्वी झालेल्या शिक्षांची नोंद मंडळाला उपलब्ध असते. त्यामुळे या मुलाखतीत ओळख करून घेण्यापेक्षा एका वेगळ्या गोष्टीची पारख होते: जे काम कर्मचारी वर्षानुवर्षे हाताने करीत आला, त्यामागचा नियम, कारण आणि जबाबदारी त्याला सांगता येते का?

== स्वरूप ==

रेल्वेतील पदोन्नतीचे नियम प्रामुख्याने भारतीय रेल्वे आस्थापना संहिता व आस्थापना नियमपुस्तिका यांत दिलेले आहेत. पदांचे ‘निवड पदे’ आणि ‘बिगर निवड पदे’ असे दोन प्रकार केले जातात. बिगर निवड पदांवर ज्येष्ठतेनुसार, योग्यता तपासून पदोन्नती मिळते. निवड पदांसाठी परीक्षा द्यावी लागते.

गट ‘क’ मधील बहुतांश निवड पदांसाठी पूर्वी लेखी परीक्षेबरोबर मुलाखतही होत असे. २००३ मध्ये रेल्वे मंडळाने काही विशिष्ट संवर्ग वगळता गट ‘क’ अंतर्गत पदोन्नतीतील मुलाखत रद्द केली. गट ‘क’ मधून गट ‘ब’ मध्ये, म्हणजे पर्यवेक्षकाच्या पदावरून राजपत्रित अधिकारीपदावर जाताना मुलाखतीला महत्त्व राहिले. या स्तरावरील ७० टक्के जागा निवड परीक्षेने आणि ३० टक्के जागा मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरण्याची पद्धत आहे. परंपरागत रचनेत लेखी परीक्षेनंतर मुलाखतीला २५ आणि सेवा अभिलेखाला २५ गुण असतात. दोन्ही मिळून किमान ३० गुण आवश्यक असून त्यांपैकी १५ गुण सेवा अभिलेखाचे असावे लागतात. केवळ उत्तम बोलण्याने अभिलेखातील उणीव भरून निघू नये, हा या अटीचा परिणाम होय. परीक्षेचे तपशील अधिसूचनांद्वारे वेळोवेळी बदलतात.

== कसारा परिसरातील संदर्भ ==

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कसारा हे मध्य रेल्वेच्या मुंबई विभागातील स्थानक असून मुंबईच्या उपनगरी सेवेचे ते एक टोक आहे. येथपर्यंतचा लोहमार्ग १८६१ मध्ये, तर थळ घाटातून इगतपुरीपर्यंतचा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. या घाटातील कमाल चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. इगतपुरीकडे चढणाऱ्या गाड्यांना कसारा येथे मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडली जातात. रेल्वे कर्मचारी त्यांना ‘बँकर’ म्हणतात. उतरणीवर गाडीचे ब्रेक तपासणे आणि वेगमर्यादा काटेकोरपणे पाळणे यांना विशेष महत्त्व असते. पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका असल्याने मार्गावर गस्त घातली जाते.

अशा ठिकाणी काम करणारा लोको पायलट, स्टेशन मास्तर किंवा रेलपथ पर्यवेक्षक अनुभवाने समृद्ध असतो. मात्र ‘येथे असेच करतात’ हे उत्तर मंडळापुढे पुरेसे ठरत नाही. घाटातील प्रत्येक प्रथेमागे सामान्य व सहायक नियमांतील एखादी तरतूद किंवा विशेष सूचना असते. तिचा उल्लेख करता येणे आणि ती का करण्यात आली हे सांगता येणे अधिकाऱ्याकडून अपेक्षित असते.

== तयारी ==

तयारीचे साधारणपणे चार भाग पडतात.

* '''सेवा अभिलेख:''' स्वतःच्या सेवापुस्तिकेतील नोंदी, प्रशिक्षणे, पुरस्कार आणि शिक्षा यांची तारीखवार उजळणी. वार्षिक अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ मधील निकालात म्हटले आहे. त्यामुळे प्रतिकूल नोंदीविरुद्ध वेळेत निवेदन देणे हाही तयारीचाच भाग ठरतो.
* '''नियम:''' स्वतःच्या विभागाची नियमपुस्तके, तसेच रेल्वे सेवक (शिस्त व अपील) नियम, १९६८. अधिकारी झाल्यावर उमेदवाराला हे नियम इतरांना लागू करावे लागतात.
* '''वित्त व राजभाषा:''' खर्चमंजुरीचे अधिकार, निविदा आणि राजभाषा नियम, १९७६. या नियमांनुसार महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात मोडतो.
* '''इतर विभाग:''' परिचालन, अभियांत्रिकी, सिग्नल व विद्युत विभागांचे परस्परावलंबन. घाटात एका विभागाच्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्यावर तात्काळ होतो.

अनुसूचित जाती व जमातींच्या कर्मचाऱ्यांसाठी रेल्वेत निवडपूर्व प्रशिक्षणाची तरतूद आहे. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेले अनुच्छेद १६(४क) या वर्गांना पदोन्नतीत आरक्षण देण्याची मुभा राज्यसंस्थेला देते. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली समाजांची मोठी वस्ती असलेल्या शहापूर तालुक्याच्या दृष्टीने या तरतुदींना विशेष महत्त्व आहे.

== कठीण प्रश्नांचे प्रकार ==

'''नियम आणि वक्तशीरपणा यांतील संघर्ष.''' ‘गाडी आधीच उशिरा धावत आहे, ब्रेकची तपासणी थोडक्यात उरकाल का?’ अशा प्रश्नात वरिष्ठांचा दबाव सूचित केलेला असतो. तपासणी पूर्ण केली जाईल, उशीर नियंत्रण कक्षाला कळवला जाईल आणि त्याचे कारण नोंदवले जाईल, हे त्याचे उत्तर होय. नुसते ‘नियम मोडणार नाही’ असे म्हणणे अपुरे ठरते, कारण त्यातून उमेदवार प्रत्यक्षात काय करील हे समजत नाही.

'''आपत्कालीन क्रम.''' २९ ऑगस्ट २०१७ रोजी वासिंद व आसनगाव यांच्या दरम्यान पावसाने खचलेली माती रुळांवर आल्याने नागपूर-मुंबई दुरांतो एक्सप्रेसचे इंजिन व नऊ डबे घसरले. जीवितहानी झाली नाही. अशा प्रसंगाविषयीच्या प्रश्नात कृतींच्या क्रमाला महत्त्व असते. रुंदमापी मार्गावर अडथळ्याचे संरक्षण करताना ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर सुमारे दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाका संकेत ठेवले जातात. हे आकडे पाठ असणाऱ्या उमेदवाराला पुढचा प्रश्न विचारला जाऊ शकतो: शेजारचा मार्गही अडला असून कर्मचारी एकटाच असेल, तर त्याने आधी कोणत्या दिशेने जावे? जिकडून गाडी आधी येण्याचा संभव आहे, त्या दिशेने. अडकलेल्या गाडीपेक्षा येणाऱ्या गाडीचा विचार आधी करणे, हे या नियमाचे तत्त्व आहे.

'''पूर्वीची शिक्षा.''' ठपका किंवा वेतनवाढ रोखल्याची नोंद मंडळाला उपलब्ध असल्याने ती नाकारण्यात किंवा सहकाऱ्यावर ढकलण्यात अर्थ नसतो. काय घडले, स्वतःची चूक कोणती आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत कोणता बदल केला, असे तीन भागांतील थोडक्यात उत्तर योग्य ठरते. शिक्षा अन्यायकारक वाटत असल्यास अपील केल्याचे सांगता येते. मात्र मुलाखत ही अपिलाची जागा नव्हे.

'''जुन्या सहकाऱ्यांवर अधिकार.''' ‘कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्लात, त्यांच्यावर उद्या आरोपपत्र बजावाल का?’ हा प्रश्न अनेकांना अडचणीचा वाटतो. कसाऱ्यासारख्या लहान स्थानकात सहकारी बहुधा शेजारीही असतात. येथे कठोरपणाचे प्रदर्शन अपेक्षित नसते. सुरक्षेशी संबंधित चूक नोंदवली जाईल, संबंधिताला बाजू मांडण्याची संधी मिळेल आणि सर्वांना एकच निकष लागू होईल, एवढे स्पष्ट झाले पाहिजे.

'''माहीत नसलेले उत्तर.''' अंदाजाने नियम सांगण्यापेक्षा ‘माहीत नाही’ असे म्हणून तो कोणत्या पुस्तकात मिळेल हे सांगणे श्रेयस्कर असते. घाटातील कामात चुकीच्या आत्मविश्वासाची किंमत मोठी असते.

== टीका व न्यायालयीन निर्णय ==

मुलाखतीतील गुणदान व्यक्तिसापेक्ष असते, हा तिच्यावरील प्रमुख आक्षेप आहे. अजय हासिया प्रकरणात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशासाठी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानी ठरेल, असे म्हटले. त्याच वर्षी लीला धर विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात, प्रौढ व्यक्तिमत्त्वाच्या उमेदवारांच्या सेवा-निवडीत मुलाखतीला अधिक महत्त्व देता येते, असे मत न्यायालयाने मांडले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘ब’ अराजपत्रित व गट ‘क’ पदांच्या सरळ भरतीतील मुलाखती बंद केल्या.

मुलाखतीच्या समर्थकांच्या मते, संकटात माणूस कोणत्या क्रमाने विचार करतो हे लेखी परीक्षेतून पुरेसे कळत नाही. टीकाकारांच्या मते, दूरच्या स्थानकांवर पाळीत काम करणाऱ्यांना मोठ्या कार्यालयांतील कर्मचाऱ्यांप्रमाणे अधिकाऱ्यांसमोर बोलण्याचा सराव नसतो. त्यामुळे कामात निपुण असलेला कर्मचारीही मागे पडू शकतो.