सोनेरी गावाभोवती सायकलवरून

"वाळवंटात सायकल? अहो, मग उंटांनी काय करायचं?"

आमच्या सौभाग्यवतींचा हा प्रश्न ऐकून मी क्षणभर निरुत्तर झालो. पण आम्ही दोघेही सायकलींच्या पुण्यात वाढलेले. आमची पहिली ओळखच मुळी तिच्या सायकलच्या निसटलेल्या साखळीमुळे झाली! त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. तिला सायकल सोडून तीस वर्षे झाली होती आणि मला निवृत्त होऊन सहा महिने. तेव्हा जानेवारीत जैसलमेर पाहायचे आणि तेही सायकलवरून, असा हट्ट मी धरला.

जोधपूरहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि पहाटे थंडीने कुडकुडत जैसलमेरला उतरलो. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेले हे गाव. त्रिकूट टेकडीवरचा पिवळ्या दगडाचा किल्ला साडेसातच्या सुमारास, पहिले ऊन पडताच, खरोखरच सोन्याचा होतो. सत्यजित राय यांनी १९७४ मध्ये 'सोनार केल्ला' हा चित्रपट काढला, तो याच किल्ल्यावर. पायथ्याशी एका दुकानात दोन सायकली भाड्याने मिळाल्या. पहिल्या वळणावर सौ. डगमगली, दुसऱ्या वळणावर सावरली आणि तिसऱ्या वळणावर माझ्या पुढे निघून गेली.

पहिल्या सकाळी अगदी जवळची फेरी केली. दहा मिनिटांवर गडीसर तलाव आहे, चौदाव्या शतकातला. पाण्यात उभ्या असलेल्या छत्र्या, काठावर घाट आणि पाव टाकताच उसळून वर येणारे मोठमोठे मिशाळ मासे. नळ येण्यापूर्वी सारे गाव याच पाण्यावर जगत होते. येथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो. आपल्याकडे आषाढातल्या एखाद्या दिवसात एवढा कोसळतो आणि आपण फक्त चिखलाला शिव्या देतो!

दुसऱ्या दिवशी उत्तरेला बडा बाग, सुमारे सहा किलोमीटर. वानवडीच्या शिंदे छत्रीमुळे 'छत्री' हा शब्द पुणेकरांना नवा नाही, पण येथे राजघराण्याच्या छत्र्यांची रांगच्या रांग माळावर उभी आहे. मागे पवनचक्क्यांची पाती संथपणे फिरत असतात. छत्र्या पाहून मोटारी परततात. सायकलवाल्याने मात्र जरा खाली उतरावे. सोळाव्या शतकात महारावळ जैतसिंहांनी येथे बंधारा घातला, म्हणून तर ही बाग झाली. उघड्याबोडक्या माळावर झाडांची गर्द सावली एकदम अंगावर येते, तेव्हा बागेचे नाव 'बडा' का, ते उमगते.

तिसरी फेरी मोठी. अमरसागरवरून लोद्रव्याला, जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर. रस्ता सरळ आणि सपाट. दोहो बाजूंना केर, खेजडी आणि रुईची झुडपे. अमरसागर तलाव वर्षातला बराच काळ कोरडा असतो, पण त्याच्या तळातच विहिरी खोदून ठेवलेल्या आहेत. तलाव आटला तरी जमिनीत मुरलेले पाणी त्यांत उतरते. लोद्रवा ही भाटी राजांची जुनी राजधानी. तेथल्या पार्श्वनाथ मंदिराच्या दगडी जाळ्या पाहताना मान दुखून येते. जवळच कोरड्या काक नदीच्या काठी मूमलच्या महालाचे अवशेष दाखवतात. तिचा प्रियकर महेंद्र म्हणे रोज रात्री उमरकोटहून उंटावर बसून तिला भेटायला यायचा.

"बघा, उंटावर!" सौ. म्हणाली. "आणि तुम्ही मला सायकलवर आणलंत."

परतताना तिच्या म्हणण्याला दैवानेही दुजोरा दिला. बाभळीचा काटा घुसून माझे मागचे चाक बसले. ठिगळ, सोल्युशन, पंप, सारे जवळ होते. अर्ध्या तासात चाक उभे राहिले. हात वंगणाने काळेकुट्ट झालेले. मी बाटली उघडली आणि उरलेले सगळे पाणी हातांवर ओतून घेतले.

शेजारी मेंढ्या घेऊन एक म्हातारेबाबा केव्हाचे उभे होते. ते काही बोलले नाहीत. वाळूत पडलेल्या त्या ओल्या डागाकडे मात्र टक लावून पाहत राहिले. मग खाली वाकले, चिमूटभर कोरडी माती माझ्या तळहातावर ठेवली आणि चोळायची खूण केली. दोन मिनिटांत वंगण निघाले. पाण्याने ते हललेसुद्धा नव्हते!

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यातच सौ.ला ऊन लागले आणि तिची बाटली आधीच रिकामी झालेली. बाबांनी ओले फडके गुंडाळलेली आपली बाटली न मागता पुढे केली. "पी बेटी," एवढेच म्हणाले. ती दोन घोटांवर थांबली. त्यांनी तिला तिसरा घ्यायला लावला.

मग त्यांनी आम्हांला आपले शेत दाखवले. सभोवार करडा माळ आणि मधोमध हिरवागार गहू! याला 'खडीन' म्हणतात. उतारावर मातीचा लांब बांध घालतात. पावसाचे पाणी माळावरून वाहत येऊन बांधाशी साचते, मुरते. पाणी ओसरले की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. पुढे थेंबही पडला नाही तरी पीक येते. ही युक्ती कित्येक शतकांची असून तिचे श्रेय पालीवाल ब्राह्मणांना देतात.

आणि किल्ल्याचे दुखणे ऐका. पूर्वी वर पाणी जाई ते मोजके, घागरींतून. आता कालव्याचे पाणी आले, नळ आले. किल्ल्यात आजही वस्ती आहे. तिचे सांडपाणी आणि गळके नळ यांमुळे टेकडीतले मातीचे थर भिजून बुरूज ढासळू लागले. १९१३ नव्हे, अगदी २०१३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेला हा किल्ला! वाळवंटाने त्याला साडेआठशे वर्षे सांभाळले आणि सांडलेल्या पाण्याने पोखरले.

तुम्ही गेलात तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. उजाडताच निघा, दुपारच्या आत परता. पंप आणि ठिगळे विसरू नका. माणशी दोन बाटल्या पाणी घ्या, आणि ते प्या!

परवा अंगणात नातवाच्या सायकलची साखळी बसवली आणि काळे हात घेऊन नळाकडे निघालो. आतून आवाज आला, "अहो, आधी माती!"