अडथळ्यांची शर्यत

शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत मुलांना सर्वांत प्रिय आणि शिक्षकांना सर्वांत त्रासदायक अशी एकच शर्यत असते, ती म्हणजे अडथळ्यांची शर्यत. बाकांखालून सरपटत जावयाचे, जुन्या टायरमधून अंग काढावयाचे, गोणपाटात पाय घालून उड्या मारावयाच्या आणि चुन्याच्या रेषेपर्यंत धावत सुटावयाचे, एवढाच तिचा पसारा. बेळगावच्या आमच्या शाळेत ही शर्यत मांडण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे गेल्या पावसाळ्याच्या आधी माझा एक जुना विद्यार्थी घरी येऊन, "सर, मी अडथळ्यांच्या शर्यतीत नाव घातलंय," असे म्हणाला, तेव्हा मला प्रथम हसूच आले. तिशी ओलांडलेला, बँकेत नोकरी करणारा हा गृहस्थ! त्याने मोबाईलवर मला शर्यतीचा नकाशा दाखविला. दहा किलोमीटर अंतर, वीसच्या वर अडथळे. भरलेल्या फीचा आकडा ऐकून, "अरे, पैसे देऊन चिखलात लोळायचं?" असे मी बोलून गेलो. नकाशाखाली बारीक अक्षरांत एक मजकूर होता. स्पर्धकाच्या जीवितास अपाय झाल्यास आयोजकांवर जबाबदारी नाही, अशा अर्थाच्या त्या मजकुराला त्याने न वाचताच संमती देऊन टाकली होती. तेथे मात्र माझे हसू मावळले. "तयारी काय करू, सर?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

या शर्यतींचा आजचा अवतार इंग्लंडात जन्मास आला. स्टॅफर्डशायर परगण्यात वुल्व्हरहॅम्प्टन शहराला लागून पर्टन नावाचे गाव आहे. तेथे बिली विल्सन या माजी सैनिकाने आपल्या शेतावर १९८७ साली 'टफ गाय' ही शर्यत सुरू केली. हे गृहस्थ स्वतःला 'मिस्टर माऊस' म्हणवून घेत, म्हणजे उंदीरमामाच की! शर्यतीसाठी त्यांनी निवडलेला काळ होता जानेवारीची अखेर, जेव्हा तेथील डबक्यांवर बर्फाची साय धरलेली असते. आठएक मैलांच्या वाटेवर चिखलाचे चर, पेटलेल्या गवताच्या रांगा, दोरांची उंच जाळी, विजेचा झटका देणाऱ्या लोंबत्या तारा आणि डोके बुडवूनच पार करावे लागणारे पाण्याखालचे अडसर, असा सारा थाट असे. भाग घेणारास आधी एका कागदावर सही करावी लागे आणि त्या कागदाचे नावच मुळी 'मृत्युपत्रक' असे ठेवलेले होते. एवढे असूनही हजारो लोक येत. कित्येक जण अर्ध्या वाटेवर गारठून, कांबळ्यात गुंडाळून परत नेले जात, आणि त्यांतले काही पुढच्या वर्षी पुन्हा हजर होत. २०१७ च्या जानेवारीतील शर्यत ही शेवटची म्हणून जाहीर झाली. पण तोवर तिची पिलावळ जगभर पसरली होती.

अडथळे मांडून माणूस घडविण्याची कल्पना अर्थात त्याहून जुनी आहे. जॉर्ज एबेर हा फ्रेंच आरमारातील अधिकारी. १९०२ साली कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक बेटावर पेले पर्वताचा स्फोट झाला, सें-प्येर शहर बेचिराख झाले आणि सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मेली. त्या वेळी लोकांना वाचविण्याच्या कामात एबेर होता असे सांगतात. धावणे, चढणे, उडी, पोहणे, ओझे वाहणे आणि तोल सांभाळणे या गोष्टी ज्याला येतात तोच संकटात स्वतःच्या व दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, असे त्याचे मत होते. त्याच मतावर त्याने आपली व्यायामपद्धती उभारली. सैनिकांच्या शिक्षणातील अडथळ्यांच्या मैदानावर या पद्धतीचा ठसा आहे. आम्हां बेळगावकरांना असल्या मैदानाचे नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या गावातच आहे.

२०१० साली अमेरिकेत दोन कंपन्यांनी या खेळाचा मोठा व्यापार केला. 'स्पार्टन' शर्यतीत घड्याळ लावलेले असते. एखादा अडथळा चुकला की दंड भरावयाचा. अनेक वर्षे हा दंड तीस 'बर्पीं'चा होता, म्हणजे खाली बसून पाय मागे फेकावयाचे, एक जोर काढावयाचा आणि उठून उडी मारावयाची, असे तीस वेळा. 'टफ मडर'मध्ये मूळची रीत उलट. तेथे वेळ मोजीत नसत आणि सोबत्यांना मदत करीन अशी शपथ आरंभी घेववीत. तिच्यातील एका घसरड्या, वळणदार भिंतीवर एकट्याने चढणे फार कठीण. आधी चढलेले लोक माथ्यावर पालथे पडून खालच्या अनोळखी माणसास हात देतात. मला स्वतःला हीच रीत अधिक आवडली, हे कबूल करतो. आता तर ऑलिंपिकच्या आधुनिक पेंटॅथलॉनमधील घोडेस्वारी २०२४ च्या पॅरिस स्पर्धेनंतर गेली असून, २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी तिच्या जागी अडथळ्यांची छोटी शर्यत आली आहे.

आता तयारीविषयी. माझा विद्यार्थी रोज पहाटे पाच किलोमीटर धावत असे आणि त्यावर समाधानी होता. परंतु अशा शर्यतीत माणूस हरतो तो बहुधा पायांनी नव्हे, हातांनी. दांडीला लोंबकळताना पंजा मिटून धरणारे स्नायू कोपराच्या खाली असतात. ते लहान असतात आणि सतत आवळलेले राहिले म्हणजे त्यांचा रक्तपुरवठा त्यांच्याच दाबाने अडतो. म्हणून पकड एकदम सुटते, हळूहळू नव्हे. मी त्याला आमच्या शाळेच्या दांडीला लोंबकळावयास सांगितले, तेव्हा अर्ध्या मिनिटात बँकेचे साहेब खाली! यावर उपाय रोजच्या सरावाचा. आणि प्रत्यक्ष शर्यतीत अडथळ्यापूर्वी शंभर पावले चालून, हात खाली सोडून झटकावयाचे. दोरावर चढताना भार हातांवर न ठेवता पायांच्या कैचीत घ्यावा. दोरीच्या मल्लखांबावर अढी घालणाऱ्या आपल्याकडील मुलामुलींना हे निराळे शिकविण्याची गरज नाही. भिंतीवर जाताना नुसते दंडांनी अंग ओढू नये. धावत येऊन एक पाऊल भिंतीवर रोवावे, काठ मिळताच टाच वर अडकवावी. काटेरी तारेखालून सरपटण्यापेक्षा, जागा असल्यास, आडवे लोळत जाणे सोपे पडते.

दुसरी गोष्ट दमाची. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा सैनिक अविनाश साबळे ज्या तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतीत धावतो, तिच्यात अठ्ठावीस वेळा ९१.४ सेंटिमीटर उंचीचा, धक्क्याने न पडणारा अडसर आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच-शतांशाने! त्या शर्यतीचे जुने चित्रण मी वर्गात मुलांना दाखवितो. अडसर आला म्हणून तो थबकत नाही, आणि ओलांडल्यावर उगाच उसळीही घेत नाही. चाल एकसारखी राहते. चिखलातल्या दहा किलोमीटरलाही हाच हिशेब लागू आहे.

पण श्रोतेहो, ज्या अडथळ्याची धास्ती बाळगावी तो भिंतीचा नव्हे, पाण्याचा. फार थंड पाण्यात अंग एकदम शिरले की छाती आपोआप मोठा श्वास ओढते. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. धाप दोन-तीन मिनिटांत ओसरते. तोवर काहीतरी धरून, तोंड वर ठेवून थांबावे. ज्याला आपण नामर्दपणा समजतो ते थांबणे येथे शहाणपणाचे असते. पुढे हात बधिर होतात, कारण हवेपेक्षा पाणी अंगातील ऊब पंचवीसपट वेगाने ओढून घेते. आपल्याकडे एवढा गारठा नसतो; येथे उन्हाने येणारी ग्लानी आणि न दिसणारी खोली यांचेच भय जास्त. २०१३ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अशाच एका शर्यतीत उंच फळीवरून गढूळ पाण्यात उडी घेतलेला २८ वर्षांचा तरुण वर आलाच नाही. एकावर एक उड्या पडत असता खाली कोण राहिले हे कळण्यास वेळ लागला. आणि नेवाडा राज्यात २०१२ साली गुरांच्या कुरणात भरलेल्या शर्यतीनंतर बावीस जणांना जुलाबाचा विकार जडला. शेणाने दूषित झालेला चिखल तोंडात गेला होता.

हे वाचून मी विद्यार्थ्याकडून आयोजकांना एक पत्र लिहवून घेतले. पाण्याच्या प्रत्येक अडथळ्यावर पट्टीचे पोहणारे किती असतील, रुग्णवाहिका कोठे उभी राहील, आणि खड्ड्यांतले पाणी कोठून आणणार, असे तीन प्रश्न. पहिल्या दोहोंची उत्तरे दुसऱ्याच दिवशी आली.

शर्यतीच्या दिवशी मीही गेलो होतो. छत्री धरून भिंतीपाशी उभा होतो. दोनदा तो घसरून पडला. तिसऱ्या वेळी मागून आलेल्या एका मुलीने, ओळखदेख नसता, आपला गुडघा पुढे केला आणि तो पलीकडे गेला. पाण्याच्या खड्ड्यात तो दोर धरून, ओठ घट्ट मिटून उभा राहिला. दहा-बारा जण त्याला मागे टाकून गेले. अडीच तासांनी तो आला, तेव्हा तळहात सोलले होते. दुसऱ्या दिवशी बँकेत नोटा मोजण्याचे काम शेजाऱ्याला करावे लागले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही. पुढच्या शर्यतीचे पत्रक आले आहे, तेव्हा आम्ही तेच पत्र पुन्हा धाडले आहे.